पुढच्या वर्षाचं फूल

जुलै सरता सरता आमच्या टोकियोतल्या बाल्कनीत सागीसो फुलायला लागतं. वीत-दीड वीत उंचीचा बारीक दांडा, बुडाशी गवतासारखी चार-पाच पानं आणि टोकाला एखाद-दुसरं पांढरंशुभ्र फूल. फूल जेमतेम ३ सेंटीमीटरचं. खालच्या पाकळीच्या दोन्ही बाजू कातरून झालर केल्यासारख्या, त्यामुळे पंख पसरून उडणारा बगळाच दिसतो. जपानीत सागी म्हणजे बगळा, त्यावरून हे नाव. शास्त्रीय नाव पेक्टिलिस रॅडिएटा. पुष्कळ पुस्तकांत अजून हॅबेनॅरिया रॅडिएटा असंच छापलेलं असतं. १७७५ मध्ये नागासाकीच्या देजिमा बेटावर डॉक्टर म्हणून आलेल्या कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

मी मूळची साताऱ्याची. कासच्या पठारावर पावसाळ्यात जमिनीतून वर येणारी आमरी लहानपणापासून पाहिलेली, म्हणून इथे हे जमिनीवरचं ऑर्किड दिसल्यावर ओळख पटायला वेळ लागला नाही. ते सांभाळताना जे समजत गेलं, ते क्रमाने लिहिते आहे. सगळ्याचं सार एकच: आज दिसणारं फूल गेल्या शरदातच ठरलेलं असतं. आज आपण जी काळजी घेतो, ती पुढच्या वर्षाच्या फुलाची.

१. आधी त्याचं माहेर समजून घ्या

ऑर्किड म्हटलं की झाडाच्या फांदीला बिलगलेली, सावलीत लोंबणारी आमरी डोळ्यांपुढे येते. सागीसो त्यातलं नाही. जपान आणि कोरियातल्या उघड्या, दलदलीच्या गवताळ जागा हे त्याचं घर. तिथे डोंगरउतारावरून पाणी सतत झिरपत असतं, जमीन आम्लधर्मी असते आणि तिच्यात पोषण फार थोडं असतं. पोषण थोडं म्हणून उंच झाडझाडोरा माजत नाही, आणि तो माजत नाही म्हणून या बुटक्या रोपाला भरपूर ऊन मिळतं. पाय ओले, डोकं उन्हात आणि जेवण बेताचं, ही तीन सूत्रं धरली की पुढचे बहुतेक प्रश्न आपले आपण सुटतात.

दलदली बुजवल्या गेल्या, गवत कापायची जुनी रीत गेली तिथे झुडपं वाढली, आणि फुलांसाठी कंद खणून नेणारेही कमी नव्हते. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत सागीसो आज ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात आहे. म्हणून ते घरी लावताना ते कुठून आलं, हे विचारणं आपलं काम आहे.

२. कंद हिवाळ्याच्या शेवटी घ्या आणि हाताने तपासा

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या बागसामानाच्या दुकानांत सागीसोचे कंद छोट्या पिशव्यांत, ओलसर मॉसमध्ये गुंडाळून मिळतात. हे रोपवाटिकांत वाढवलेले असतात आणि स्वस्तही असतात. एकेक कंद साधारण १ सेंटीमीटरचा, पांढुरका. बोटांत धरून हलकेच दाबावा. घट्ट लागला तर घ्यावा. मऊ, पाणचट किंवा तपकिरी असेल तर सोडून द्यावा. एका टोकाला बारीक कोंब असतो, तो मोडलेला नसावा. मोठा कंद त्याच वर्षी फुलतो, लहान कंद बहुधा नुसती पानं देतो. पिशवी निवडताना कंदांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचा आकार बघणं जास्त फायद्याचं.

३. माती बाजूला ठेवा, मॉस घ्या

बागेतली काळी किंवा लाल माती, शेणखत, कंपोस्ट, यातलं काहीही याला नको. सुकवलेलं स्फॅग्नम मॉस रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी हाताने पिळून वापरायचं. कुंडी उथळ आणि पसरट घ्यावी. १५ सेंटीमीटर व्यासाची, १० ते १२ सेंटीमीटर खोल पुरते. तळाला कानुमा खड्यांचा पातळ थर द्यावा. तोचिगी प्रांतातल्या कानुमा गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही हलकी, आम्लधर्मी ज्वालामुखीची माती आहे. पाणी धरते, तरी हवा खेळती ठेवते. त्यावर निम्म्या कुंडीपर्यंत मॉस, मग कोंब वर करून दहा-बारा कंद दोन-दोन बोटांच्या अंतराने ठेवायचे आणि वरून साधारण १ सेंटीमीटर मॉसचं पांघरूण घालायचं.

मॉस दाबून भरलं तर मुळांशी हवा राहत नाही. अगदी सैल भरलं तर ते लवकर कोरडं पडतं. बोट सहज आत जाईल पण कुंडी तिरकी केली तर मॉस घसरणार नाही, इतपत घट्ट हवं. आणि दरवर्षी नवं मॉस घ्यावं. जुनं मॉस कुजून चिकट होतं, त्यात कंद सडतात. इथे काटकसर करू नये.

४. ऊन हात राखून देऊ नका

एप्रिल-मेमध्ये कोंब वर येतात. तिथून कळ्या दिसेपर्यंत रोज निदान अर्धा दिवस थेट ऊन मिळायला हवं. ऊन कमी पडलं की दांडा लांबट आणि लेचापेचा होतो, मग वाऱ्याने किंवा फुलाच्या भाराने आडवा पडतो. कळ्या येतात, पण उमलण्याआधी सुकतात.

शहरातल्या बाल्कनीची अडचण वेगळी असते. जुलै-ऑगस्टमध्ये सिमेंटची फरशी तापते आणि कुंडीतलं पाणीही तापतं. पानांना उन्हाचं काही वाटत नाही, पण तापलेली मुळं कुजतात. म्हणून कुंडी फरशीवर ठेवायची नाही. मी लाकडी फळीवर, जमिनीपासून हातभर उंच ठेवते, खालून वारा फिरतो. जुलैच्या मध्यानंतर दुपारच्या वेळी जाळीची सावली करते. सकाळचं ऊन मात्र पूर्ण मिळू देते.

५. पाणी रोज बघायचं

कोंब फुटल्यापासून पान वाळेपर्यंत मॉस एकदाही कोरडं पडता कामा नये. कळ्या धरलेल्या असताना एक दिवस जरी कुंडी सुकली तरी कळ्या काळ्या पडतात आणि त्या वर्षाचं फूल गेलंच. कुंडीखाली उथळ ताटली ठेवून तिच्यात बोटभर पाणी ठेवण्याची रीत इथे सर्रास आहे आणि ती कामाची आहे. मात्र भर उन्हाळ्यात ते पाणी दिवसभर साचून कोमट होऊ देऊ नये. सकाळी जुनं ओतून टाकावं, वरून भरपूर ताजं पाणी घालावं, म्हणजे मॉसमध्ये साठलेले क्षारही धुऊन जातात.

पाणी कसं आहे यालाही महत्त्व आहे. सागीसोला हलकं, क्षार कमी असलेलं पाणी मानवतं. जून-जुलैतल्या त्सुयूमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, मी बादल्या भरून पावसाचं पाणी साठवते. टोकियोचं नळाचं पाणी बऱ्यापैकी हलकं असल्याने ते चालतं. आपल्याकडे दख्खनच्या बोअरवेलचं जड पाणी मात्र अशा कुठल्याही दलदलीच्या झाडाला घालू नये. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरावं.

ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या सुट्टीत माणसं गावी जातात, आणि नेमका तोच फुलांचा हंगाम असतो. तेव्हा शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जावं, किंवा कुंडीच त्याच्या दारात नेऊन ठेवावी.

६. खताचा हात आखडता ठेवा

प्रेमापोटी भरपूर खत घालणं ही आपली सवय. गुलाबाला ते चालतं, सागीसोला नाही. पोषण नसलेल्या पाण्यात वाढायची सवय असलेल्या मुळांना क्षार झेपत नाहीत. त्यांची टोकं तपकिरी पडतात. पानं नीट वाढायला लागल्यावर द्रवखत बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शापेक्षाही पातळ करून, पंधरवड्यातून एकदा द्यावं. कळ्या आल्या आणि उन्हाळा कडक झाला की थांबावं. फुलं संपल्यावर पुन्हा तसंच पातळ, पण पालाश जास्त असलेलं खत थोडे दिवस द्यावं. ते कंद भरण्यासाठी. शंका आली तर खत देऊच नये. खतावाचून हे झाड मरत नाही.

७. फूल उमललं की संध्याकाळीही बघा

एकेक फूल आठवडाभर तरी टिकतं. ते दिवसा सुंदर दिसतंच, पण त्याचा खरा पाहुणा अंधार पडल्यावर येतो. फुलाच्या मागे ३ ते ४ सेंटीमीटर लांबीची हिरवट नळी लोंबते, तिच्या तळाशी मकरंद असतो. तिथवर पोहोचायला लांब सोंड लागते, आणि ती रुईपतंगांच्या कुळातल्या पतंगांना असते. इंग्रजीत त्यांना हॉकमॉथ म्हणतात.

ही झालर कशासाठी, याचं उत्तर कोबे विद्यापीठाच्या केन्जी सुएत्सुगु आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी काही फुलांची झालर कापून ती आणि अखंड फुलं यांची तुलना केली. झालर कापली तरी फळं धरण्यात फरक पडला नाही, पण त्या फळांतल्या निरोगी बिया कमी भरल्या. पतंग मकरंद पिताना मधले पाय या झालरीवर टेकवतात, हेही त्यांना दिसलं. पाय टेकायला आधार मिळाला की परागांची देवाणघेवाण नीट होत असावी. माणसाला बगळ्याचे पंख वाटणारी ही नक्षी पतंगाच्या पायांसाठी आहे, हे कळल्यापासून मी फुलाकडे जास्त वेळ बघते. लावणाऱ्याने झाडाचं विज्ञान वाचावं, त्याने माया वाढते.

८. गोष्टीने जपलेलं फूल लवकर विसरलं जात नाही

टोकियोतल्या सेतागाया प्रभागाचं अधिकृत फूल सागीसो आहे. तिथे ओकुसावाच्या किल्ल्याची दंतकथा सांगतात. तोकिवा नावाची स्त्री किरा घराण्यातल्या सरदाराच्या घरी दिली होती. इतर स्त्रियांच्या मत्सरामुळे तिच्यावर खोटा आळ आला. तिने पत्र लिहून एका पांढऱ्या बगळ्याच्या पायाला बांधलं आणि तो माहेरी, ओकुसावाच्या दिशेने सोडला. वाटेत बगळा बाणाने पडला आणि तो पडला त्या जागी सागीसो उगवलं. ओकुसावाच्या त्या जुन्या किल्ल्याच्या जागी आज जोशिन्जी हे मंदिर आहे आणि त्याच्या आवारात सागीसो मुद्दाम लावून सांभाळलं जातं. भोवती सगळं शहर झालं, पण गोष्ट उरली म्हणून फुलाला जागा उरली. पश्चिमेकडे हिमेजी शहराचंही हेच फूल. तिथला पांढरा किल्ला बगळ्याच्याच नावाने ओळखला जातो.

मंदिरात आईवडिलांबरोबर आलेली मुलं वाकून फूल बघतात आणि मग गोष्ट ऐकतात. आपण घरी एखादं झाड लावलं तर मुलांना त्याचं नाव सांगावं, त्याची गोष्ट सांगावी. पुढच्या पिढीत पाणी घालणारं कुणी तयार होतं ते असं.

९. फूल गेल्यावरचे दोन महिने हेच खरे महत्त्वाचे

या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही. फूल सुकलं की लोकांचं लक्ष उडतं. कुंडी कोपऱ्यात जाते, पाणी चुकतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘हे एकाच वर्षाचं झाड असतं’ असं ऐकू येतं. खरी गोष्ट अशी की वसंतात लावलेला कंद रोप वाढवता वाढवता संपून जातो. जमिनीखाली रोपाला पांढरे धुमारे फुटतात आणि त्यांच्या टोकांशी नवे कंद भरतात, एका रोपाचे साधारण दोन ते तीन. ते भरतात ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि त्यांना लागणारं सगळं अन्न हिरवी पानंच बनवतात.

म्हणून सुकलेलं फूल तेवढं खुडावं, दांडा आणि पानं ठेवावीत. फळ धरू देऊ नये, कारण बी भरण्यात रोपाची ताकद जाते. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो आणि योग्य बुरशीची साथ मिळाल्याखेरीज ते रुजत नाही. घरी वाढवायचं ते कंदांवरूनच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही ऊन आणि पाणी उन्हाळ्याइतकंच मनापासून द्यावं. पानं आपोआप पिवळी होऊन वाळली की मगच हात आवरावा.

१०. पानावर चट्टे दिसले तर दया दाखवू नका

मावा आणि बिनशंखाच्या गोगलगाई हे नेहमीचे शत्रू. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. मावा मात्र दिसताक्षणी घालवावा, कारण तो विषाणू पसरवतो. हॅबेनॅरिया मोझॅक नावाचा विषाणू जपानमध्ये याच झाडावर सापडला. पानावर फिकट-गडद चट्टे उमटतात, वाढ खुंटते, फुलं वेडीवाकडी येतात. त्यावर औषध नाही, आणि रोगी रोपाचे कंदही रोगीच निघतात. असं रोप मॉससकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावं. फुलं खुडायची कात्री दर कुंडीनंतर ज्योतीवर धरून घ्यावी. एक रोप वाचवण्याच्या मोहात सगळा संग्रह जातो.

११. थंडीत झोपू द्या, पण कोरडं पडू देऊ नका

नोव्हेंबरात वर काहीच उरत नाही. रिकामी दिसणारी कुंडी कुणी उचलून टाकू नये म्हणून तिच्यावर नावाची पट्टी लावावी. या काळात मॉस किंचित ओलसर हवं. ओलं गच्च असेल तर कंद कुजतात, पूर्ण सुकलं तर चुरमडतात. गारवा हवा, पण कुंडी गोठू देऊ नये. बर्फाळ वाऱ्यापासून दूर, वळचणीला, थर्माकोलच्या खोक्यात ठेवली की पुरे. हीटर लावलेल्या खोलीत मात्र आणू नये. तिथे कंदाला हवी ती थंड विश्रांती मिळत नाही आणि तो अवेळी जागा होतो.

१२. कुंडी उलटी करायचा दिवस हाच सुगीचा दिवस

फेब्रुवारीच्या सुमारास वर्तमानपत्र पसरून त्यावर कुंडी उलटी करायची आणि मॉस हलक्या हाताने उकलायचं. नवे कंद बहुधा तळाशी आणि कुंडीच्या कडेला सापडतात, म्हणून मॉसचा शेवटचा झुबका उकलल्याखेरीज काही टाकू नये. जुना, सुरकुतलेला कंद वेगळा ओळखू येतो. मोठे कंद एका कुंडीत, बारीक दुसऱ्या कुंडीत लावावेत. बारीक कंद वर्षभर पानं वाढवून पुढच्या वर्षी फुलण्याजोगे होतात.

आमच्या शेजारचे आजोबा ऑगस्टमध्ये फुलांचं कौतुक करतातच, पण चौकशी करतात ती फेब्रुवारीत: “यंदा कंद कसे निघाले?” सागीसो लावणाऱ्याची पारख या प्रश्नाने होते. जास्तीचे कंद आम्ही एकमेकांना देतो. एकाच्या बाल्कनीत रोग शिरला तर दुसऱ्याकडे वाण शिल्लक राहतो.

१३. आपल्या सह्याद्रीतल्या भावंडांना घरी आणू नका

महाराष्ट्रातले वाचक विचारतील, आपल्याकडे हे लावता येईल का? मुंबई-कोकणचा हिवाळा याला पुरेसा गार नाही. पठारावर, गार हवेच्या गावी प्रयत्न करता येईल, पण परदेशातून कंद आणायचे तर आयात परवाना, रोगमुक्ततेचा दाखला आणि ऑर्किड म्हणून साइट्सची, म्हणजे संकटातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागतात. सामानात लपवून आणलेला कंद बरोबर विषाणूही आणू शकतो. असलं काही करू नये.

आणि तशी गरजही नाही. सागीसोच्याच प्रजातीतलं, त्याहून कितीतरी मोठ्या पांढऱ्या झालरदार फुलांचं पेक्टिलिस जायगँटिया आपल्या सह्याद्रीत आहे. कासवर टूथब्रश ऑर्किड म्हणून लोक ज्याचे फोटो काढतात ते हॅबेनॅरिया हेनियाना त्याचं जवळचं नातलग. त्यांचंही वर्ष असंच: कंदातून उगवणं, काही आठवडे फुलणं, नवा कंद भरणं आणि झोपणं. फरक इतकाच की त्यांना जाग येते ती मृगाच्या पावसाने. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. तिथली पातळ माती, तिथलं झिरपणारं पाणी आणि त्या मातीतली बुरशी यांवर हे कंद जगतात. यातलं काहीही कुंडीत भरून आणता येत नाही. सप्टेंबरात उपटलेलं रोप म्हणजे पुढच्या वर्षाचा न भरलेला कंद. ते घरी पोहोचण्याआधीच त्याचा वंश तुटलेला असतो.

तेव्हा विनंती एवढीच. जमिनीवरचं ऑर्किड लावायची हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या, बिल मागून घ्या, आणि फूल गेल्यावरही त्याला पाणी घाला. पठारावर गेलात तर वाटेवरूनच बघा, पाय जपून टाका. कासचा कंद कासवरच राहू द्या.